बांगड्यांच्या कागदातल्या कथा

मंगळवार, २४ डिसेंबर. साडेदहा ते अडीच. हजर : खिडकीजवळ दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, निवृत्त शिक्षक, इंदापूर. त्याच्या शेजारच्या खुर्चीत नसीमाबी, बांगड्यांचं दुकान, इंदापूर. समोर आबा, ऊस बागायतदार, पणदरे. चौथी खुर्ची रिकामी. ये-जा करणाऱ्या वैशाली सिस्टर. वाचणारी मी. एक कथा वाचायला घेतली. पूर्ण झाली नाही.

ही नोंद गेल्या वर्षीची आहे. बारामतीतल्या एका दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर डायलिसिसच्या चार खुर्च्या होत्या, आणि मंगळवार-शुक्रवार मी तिथे स्टुलावर बसून कथा वाचत असे. तारीख, कोण होतं, काय वाचलं, एवढं वहीत लिहून ठेवायचे. डेअरीच्या भांडारात वीस वर्षं नोंदी ठेवते आहे. हात आपोआप तसा चालतो. पण नोंद करणं वेगळं आणि त्या हंगामाबद्दल लिहिणं वेगळं. ते मी वर्षभर टाळलं.

गेल्या आठवड्यात माळेगावच्या साखर कारखान्याच्या बाजूनं मळीचा वास आला. गळीत सुरू झालं की आमच्याकडे वास आधी येतो, बातमी नंतर. गोडसर, आंबूस, वाळत घातलेल्या कपड्यांत शिरून बसणारा. लोक नाक मुरडतात आणि दोन दिवसांत त्यांना तो येईनासा होतो. मी गच्चीवर कपडे काढत होते. दोन चादरी झाल्या, टॉवेल झाले, मग उशांचे अभ्रे. त्या वासातून ती खोली आली. यंत्रांची घरघर, स्पिरिटचा वास, निळ्या रेक्झिनच्या खुर्च्या, खालच्या रस्त्यावरून दोन-दोन ट्रॉल्या ओढत जाणारे उसाचे ट्रॅक्टर आणि त्यांच्यावरची कर्कश गाणी. आणि या सगळ्यावर चढवलेला माझा आवाज. कुणा एका बाईच्या साडीबद्दल काहीतरी सांगत असलेला.

दादानं बत्तीस वर्षं मराठी शिकवलं. वहिनी जाऊन सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, पुस्तकांची पाच कपाटं होती. मधुमेहानं आधी त्याचे डोळे नेले, मग मूत्रपिंडं. मूत्रपिंडांचं कळलं तेव्हा तो म्हणाला, ‘‘बरं.’’ डोळे गेले तेव्हा मात्र तो कपाटासमोर उभा राहून रडला होता. पुस्तकांच्या पाठींवरून बोटं फिरवत, कुठलं कुठलं ते चाचपत.

बारामतीला माझ्याकडे राहायला ये, असं मी दहादा म्हटलं. आला नाही. इंदापूरहून एसटीनं यायचा, आणि त्याच बसला नसीमाबी असायच्या. त्यांचंही दुखणं तेच, वारही तेच. ‘‘गुरुजी, पायरी,’’ म्हणत त्या त्याला दंडाला धरून चढवायच्या. ज्या हाताला सुया टोचतात त्या हाताला चुकूनही धरायच्या नाहीत. बस उसाच्या ट्रॉलीमागे अडकली की तास-सव्वातासाचे दोन तास व्हायचे. तेवढ्या वेळात दादा त्यांना एखादी गोष्ट सांगायचा आणि त्या बांगड्यांच्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगायच्या. बसमधून उतरताना दोघंही हसत असायचे. मग जिना चढायचे, आणि वर आल्यावर हसू थांबायचं.

दिवाळीनंतरच्या पहिल्या शुक्रवारी सुया काढल्यावर, हातावर कापूस दाबून धरत तो म्हणाला, ‘‘सुनी, आता बास. मंगळवारी मी यायचा न्हाई.’’

मला वाटलं, सुया दुखल्या असतील. मी सिस्टरांशी बोलते म्हटलं.

‘‘सुयांचं काही न्हाई गं. चार तास छताकडं तोंड करून पडायचं, आणि छतसुद्धा दिसत न्हाई. घरी गेलं की पाणी मोजून, मीठ मोजून, केळंसुद्धा न्हाई. जगतो की. पण कशासाठी, एवढं सांग.’’

मी त्याच्या बसची वेळ, गोळ्यांचे डबे, पथ्याचा तक्ता, माझ्या रजा, सगळं बसवलं होतं. हे मला कुणी विचारेल असं वाटलंच नव्हतं. डायलिसिस थांबवलं की किती दिवस, हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. दिवस सांगितले होते, महिने नाहीत. त्या खोलीत उभी राहून मी तोंडाला आलं ते बोलून गेले : ‘‘मंगळवारी ये. मी तुला वाचून दाखवीन.’’

दादा मोठ्यानं हसला. ‘‘तू? लग्नपत्रिकासुद्धा तारीख बघून ठेवून देतीस तू.’’

‘‘येशील का न्हाई?’’

‘‘हे बघायला तरी येतो.’’

त्याच्या कपाटातलं सर्वांत पातळ पुस्तक मी उचललं. चार तास, एक माणूस, एक वाचणारी. कादंबरी कुठे पुरी होणार? कथा बरी, वेळेत बसते. माझा कथेशी संबंध जुळला तो असा, निव्वळ मापाचा.

पहिल्या मंगळवारी मी दोन पानं वाचली आणि समोरच्या खुर्चीतून आबा म्हणाले, ‘‘ताई, गोष्ट वाचताय का गोदामातला माल मोजताय?’’

नसीमाबी पदर तोंडाला लावून हसल्या. दादा म्हणाला, ‘‘पूर्णविरामाला थांब, सुनी. लेखकानं तिथं टेकायला जागा केलेली असती.’’

मी थांबून पाहिलं. खरंच जागा होती.

ती साडीची कथा. जुनी, कुठल्याशा मासिकात येऊन गेलेली. एका गावात एका बाईकडे एकच भारी साडी. गावातल्या प्रत्येक मुलीला दाखवताना ती साडी मागून न्यायची. बाई हौसेनं द्यायची, स्वतः निऱ्या घालून द्यायची. अशी सगळ्या गावाची लग्नं जमतात. शेवटी तिच्या स्वतःच्या मुलीला बघायला पाहुणे येतात, आणि पाहुण्यांतली एक बाई साडीकडे बघून म्हणते, ‘‘ही साडी तर आम्ही चार घरी बघितली.’’ संपली. मला वाटलं, पान चिकटलं असेल म्हणून मी उलटून बघितलं. पुढे दुसरीच कथा होती.

 यंत्रं घरघरत राहिली. मग आबा म्हणाले, ‘‘आगं बाबौ.’’ एवढंच. त्यांच्या तीन मुली तीन ठिकाणी दिलेल्या. त्यांच्या मनात कुठली साडी आली असेल, कुणास ठाऊक. नसीमाबी डोळे मिटून पडल्या होत्या. आणि मी, जिला घरी जाताना दळण आणायचं होतं आणि गॅसचा नंबर लावायचा होता, ती मी स्टुलावर तशीच बसले. कुणीतरी चार ओळींत एक आख्खं गाव माझ्या पुढ्यात ठेवलं होतं, आणि शेवटच्या ओळीत ते उलटं केलं होतं.

त्यानंतर मी वेड लागल्यासारखी वाचत गेले. आधी घरी एकदा वाचून बघायचे, म्हणजे तिथे अडखळायला नको. मग वाचून बघायचं निमित्त राहिलं नाही, नुसतंच वाचायला लागले. दुपारच्या सुट्टीत डबा उघडा आणि बाजूला पुस्तक. जुन्या कथांची मला एक ओढ लागली. त्या घाईत नसतात. आधी घर दाखवतील, दारातली तुळस, ओट्यावरची माणसं, त्यातल्या एकाची खोड. आणि तुम्ही पाहुण्यासारखे निवांत टेकलात की मग हळूच सांगतील, या घरात काय बिनसलंय ते. नव्या कथा तुम्हांला बसायलाच सांगत नाहीत. दार उघडं, भांडण सुरू, आणि कोण कुणाचं कोण ते तुम्हीच ओळखा. मला आधी राग यायचा. एका नव्या कथेत एक माणूस विकत घ्यायचं घर टेपनं मोजत राहतो. स्वयंपाकघर, मोरी, आणि एक खिडकी तीन-तीनदा. कळतं की आई असती तर या खिडकीत बसली असती. आईबद्दल एक शब्द नाही. तो टेप गुंडाळतो आणि एजंटाला म्हणतो, ‘‘कळवतो.’’

‘‘हे काय?’’ आबा उखडले. ‘‘ऊस तोडला अन् मोळी बांधायचीच ऱ्हायली की! असा माल कारखाना घील व्हय?’’

‘‘कुणाची मोळी बांधून होते, आबा?’’ नसीमाबी म्हणाल्या. ‘‘तुमची झाली का?’’

‘‘आमची बांधत्यात आता दवाखान्यात. पट्ट्यानं.’’ आणि त्यांनी हाताला बांधलेला पट्टा वर करून दाखवला. वैशाली सिस्टर ओरडल्या, ‘‘आबा, हात खाली! सुई निघंल!’’

दादा गालातल्या गालात हसत होता. ‘‘जुनी कथा तुम्हांला घरापर्यंत सोडती,’’ तो म्हणाला. ‘‘नवी कथा फाट्यावर उतरवती. पुढं चालत जायचं. पण रस्ता दाखवलेला असतो बरं का, आबा.’’

‘‘चालाय पाय कुठं हायेत गुरुजी आता,’’ आबा म्हणाले, आणि ही गोष्ट खरी असल्यामुळे सगळे हसले.

मला हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिते. मला त्या खोलीत सुख होतं. माझ्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं वाचन त्या हंगामात झालं. सोमवारी मला उद्याची हुरहूर लागायची. कुठली घ्यावी, आधी कुठली, आबांना काय आवडेल. माझा भाऊ रक्ताच्या नळ्या लावून पडलेला असताना, त्याचा चेहरा आठवड्यागणिक मेणासारखा होत असताना, मी मंगळवारची वाट बघत होते. तो नसता पडला तर मी जन्मभर कथा वाचली नसती. या वाक्याचं काय करायचं ते मला आजही कळत नाही.

डिसेंबर लागला आणि तो पुन्हा म्हणाला, बास. या वेळी हसून नाही. त्याच्या पायांत गोळे यायचे, पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या. सिस्टर तळवे दाबून धरायच्या. मी कथेच्या शेवटच्या दोन पानांवर आले होते. माझ्या डोक्यात काय आलं आणि मी पुस्तक मिटलं. म्हटलं, ‘‘उरलेली शुक्रवारी.’’

‘‘ओ ताई!’’ आबा ओरडले. ‘‘ती पोरगी विहिरीच्या काठाव उभी ऱ्हायलीया! तीन दीस तितंच उभी ऱ्हाणार का?’’

‘‘शुक्रवारी,’’ मी म्हटलं.

शुक्रवारी दादा आला. मी पोरीला विहिरीवरून खाली उतरवलं, दुसरी कथा सुरू केली आणि तीही अर्धी ठेवली. पुढच्या मंगळवारी तो आला. आणखी पुढच्या शुक्रवारीही. मला जीव वाचवायचं हत्यार सापडल्यासारखं झालं. मग मी कथा तशाच निवडायला लागले : कुठे तोडता येईल, कुठे जास्त ओढ लागेल. बांधणी, भाषा काही बघायची नाही, फक्त तोडायची जागा. अडचण एकच होती. जुन्या चांगल्या कथा दादाला पाठ होत्या. ठाऊक असलेल्या शेवटासाठी कोण कशाला एसटीत बसेल? त्यानं न वाचलेल्या कथा हव्या होत्या, आणि त्या नसीमाबींनी पुरवल्या.

त्यांच्या दुकानात बांगड्या गुंडाळायला जुने दिवाळी अंक वापरतात. रद्दीतून पोत्यानं येतात. दिवाळी अंकाचा कागद जाड, वर्तमानपत्रासारखी शाई हाताला लागत नाही आणि बांगडी पिचत नाही. नसीमाबी चाळीस वर्षं गल्ल्यावर बसल्या. गिऱ्हाईक नसलं की फाडायच्या आधी पान वाचायचं. कथा आवडली तर ती पानं गादीखाली सरकवायची, नाहीतर त्यात डझनभर बांगड्या. अशी गादीखालची चाळीस वर्षं त्या बांगड्यांच्या खोक्यांत भरून माझ्यासाठी घेऊन आल्या. टाचण्यांनी टोचलेली चळत. पंच्याऐंशी साली गाजलेला आणि आता कुणाला आठवत नसलेला कुणी, त्याच्याखाली गेल्या दिवाळीतली नवीन मुलगी, मध्ये केसांच्या तेलाची जाहिरात. ‘‘निवडून ठेवलेल्यात,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण कुणाला दाखवणार? घरात म्हणायचे, अम्मी कागद वाचती.’’

एका शुक्रवारी दादाचा रक्तदाब एकदम खाली गेला. यंत्र टिटवीसारखं ओरडायला लागलं, सिस्टर धावल्या, खुर्ची मागे पाडून त्याचे पाय वर घेतले. ओठ पांढरे झाले होते. दहा मिनिटांनी तो परत आला तेव्हा पहिला शब्द बोलला, ‘‘पुढं वाच.’’

‘‘आज राहू दे दादा. उरलेली मंगळवारी.’’

त्यानं मान माझ्या आवाजाकडे वळवली. मग सगळ्यांसमोर, अगदी हळू म्हणाला, ‘‘तू मला टांगून ठेवतीयस, सुनी.’’

मी पानांना टाचणी लावायला लागले.

‘‘तुला वाटतं, गोष्ट अर्धी सोडून माणूस जात न्हाई. अगं, लोक तोंडातला घास सोडून जातात. एका बैठकीत संपती म्हणून ती कथा. त्या लिहिणाऱ्यानं एवढा जीव लावून शेवट मुक्कामाला आणलाय, आणि तू त्याच्या दारात टोलनाका बसवतीयस. वाच.’’

मी वाचला. नसीमाबींनी शेजारून आपला मोकळा हात पुढे करून कागदाचं दुसरं टोक धरलं. शेवट चांगला होता. काय होता ते मला आठवत नाही.

मग मी त्याला शब्द दिला, की घेतलेली कथा त्याच दिवशी पुरी करीन. शब्द पाळला. पण पुढच्याच आठवड्यात चळतीतून एक कथा निघाली, दोन सख्ख्या बहिणींची. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहतात, बोलणं बंद. धाकटीला रोज पहाटे थोरलीच्या हातपंपाचा आवाज येतो, आणि त्या आवाजावर तिचा दिवस सुरू होतो. एके दिवशी आवाज येत नाही. ती ऊन वर येईपर्यंत वाट बघते. मग उठते, अंगण ओलांडते, थोरलीच्या दाराशी येते. ‘तिने कडीला हात लावला आणि’, पान संपलं. पुढचं पान नव्हतं.

‘‘ताई, आज तोडायची न्हाय असं ठरलंय!’’ आबा म्हणाले.

मी पान सगळ्यांना दाखवलं. चळत खालपर्यंत चाळली. नसीमाबींचा चेहरा उतरला. ‘‘माझ्या हातूनच गेलं असंल,’’ त्या म्हणाल्या. ‘‘संक्रांतीला दुकानात पाय ठेवाय जागा नसती. डझनभर हिरव्या बांगड्या गुंडाळून दिल्या असतील कुणाला. शेवट बांगड्यांबरोबर गेला, गुरुजी.’’

‘‘कोणत्या गावाला, ते तरी सांगा,’’ आबा म्हणाले. ‘‘पोराला गाडी घिऊन धाडतो.’’

दादा इतका हसला की सिस्टरांनी येऊन नळ्या तपासल्या. तो हसला ते मी बघितलं, आणि घरी गेल्यावर मी एक मूर्खपणा केला. तीन दिवस बसून शेवट स्वतः लिहिला. शुक्रवारी म्हटलं, पान सापडलं. दुसऱ्या चळतीत गेलं होतं. आणि कोऱ्या आवाजात वाचायला सुरुवात केली. थोरली आजारी, पण शुद्धीवर. धाकटी तिला दवाखान्यात नेते. डॉक्टर म्हणतात, वेळेवर आणलंत. दोघी एकमेकींची माफी मागतात. महिनाभरात थोरली ठणठणीत, आणि दिवाळीला मधली भिंत पाडतात.

आबा म्हणाले, ‘‘ब्येस! झाली मोळी.’’

नसीमाबी माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. चाळीस वर्षं कागद वाचलेली बाई ती.

दादा म्हणाला, ‘‘भिंतसुद्धा पाडलीस?’’

मी कागदाची घडी घातली.

‘‘सगळ्या वस्तू जागच्या जागी. एक खिळा इकडचा तिकडं न्हाई. छान आहे, सुनी. मार्क देतो. पण हे त्या लिहिणाऱ्याचं न्हाई.’’ मग त्याचा आवाज बदलला. ‘‘मी बरा होणार न्हाई. तू कागदावरसुद्धा मला बरं करू नको.’’

सुया काढल्यावर, जिन्यात, त्यानं मला सांगितलं की हा शेवटचा शुक्रवार. या वेळी मला कळलं की हे खरं आहे. मी काय केलं नाही? पायरीवर उभी राहून हात जोडले. रागावले. म्हटलं, मला एकटीला टाकून चाललास. म्हटलं, पान खरंच शोधते, इंदापुरातल्या घराघरांत जाते. डॉक्टरांना तीन फोन केले, की तुम्ही त्याला समजावा. त्यांनी समजावलं, त्यानं ऐकून घेतलं आणि त्यांचेच आभार मानले. सोमवारी मी त्याला दवाखान्यात घेऊन गेले, कारण थांबवायचं तर नातेवाइकाची सही लागते. त्या कागदावर कुठे सही करायची ते सिस्टरांनी बोटानं दाखवलं. खाली नातं लिहायचं होतं. बहीण असं लिहिलं.

मग मी रजा टाकून इंदापूरला त्याच्याजवळ राहिले. पहिल्या दिवशी तो म्हणाला, ‘‘आता तांब्याभर पाणी दे.’’ वर्षभर पाऊण लिटरावर मोजून दिवस काढलेला माणूस. तांब्या तोंडाला लावून तो घटाघट पाणी प्याला. गळ्यावरून, बनियनवरून ओघळलं. नंतर त्याला दम लागला, उशा लावून बसवावं लागलं. पण ते पाणी पितानाचा त्याचा चेहरा!

‘‘काय वाचू?’’ मी विचारलं. खोकी मी बरोबर नेली होती.

‘‘नवं नको. जी मला पाठ आहे ती वाच.’’

आणि तेव्हा मला कळलं की मी दोन महिने किती चुकीच्या बाजूनं कथा धरली होती. शेवट ठाऊक नाही म्हणून माणूस ऐकतो, असं मला वाटत होतं. तो शेवट ठाऊक असलेलं ऐकत होता. साडीची कथा मी त्याला चार वेळा वाचली. बाई साडीच्या निऱ्या घालायला लागली की त्याचे ओठ माझ्याबरोबर हलायचे. पाहुणी बोलायच्या आधीच तो डोळे मिटायचा, पुढून येणारी गाडी ओळखीची असल्यासारखा. ‘‘बघ, आता म्हणंल,’’ तो पुटपुटायचा. ती म्हणायची. आणि दर वेळी त्याला तितकंच लागायचं. एखादं गाणं पुन्हा लाव म्हणावं तसं तो ‘‘परत’’ म्हणायचा. बाराव्या दिवशी दुपारी मी पाणी आणायला उठले. परत आले तेव्हा ‘‘परत’’ म्हणायला कुणी नव्हतं.

त्यानंतर मी एकही कथा वाचली नाही. पुस्तकांची पाच कपाटं माझ्याकडे आली, नसीमाबींची खोकी आली. मी त्यांवर जुनी चादर टाकली. दवाखान्याच्या रस्त्यानंही जात नाही, कसब्यातून वळसा घालते. नसीमाबींचे दोन फोन आले होते, घेतले नाहीत. असं वागणारी मी नव्हे, पण वागले.

परवा फोन वाजला. नसीमाबींची सून, रेहाना. ‘‘ताई, अम्मींनी दोन पाळ्या चुकवल्या. पाय सुजलेत, रात्रीचं आडवं पडता येत न्हाई. आम्ही सगळे सांगून थकलो. म्हणतात, तितं जाऊन काय ऐकायचं, मशीनची घरघर? तुमी एकदा येता का?’’

तासाभरात आबांचा फोन. त्यांना कुणी सांगितलं ते विचारलं नाही. ‘‘ताई, हाय ना तुमी? मला वाटलं, तुमी बी गेला. आवो, गुरुजींच्या खुर्चीव एक बाई आलीया. दिसभर मोबाइलवर सासू-सुना. माझं डोकं उठलंय. अन् ती नसीमाबी रुसून बसलीया घरी. तिला आणा. मी सांगितलं तर म्हनती, आबा, मोळी बांधून घेतली मी.’’ मग जरा थांबून, वेगळ्या आवाजात : ‘‘आणाच, ताई.’’

काल मी नसीमाबींशी बोलले. श्वास लागत होता, शब्द तुटत होते.

‘‘फोन घेतला न्हाई तुमी माझा.’’

‘‘न्हाई घेतला. चुकलं.’’

‘‘गुरुजींना तरी कुठं थांबवता आलं तुमाला.’’ टोमणा नव्हता तो. असता तर बरं झालं असतं. ‘‘तिसऱ्या पाळीला आले न्हाई तर काय हुतं ते मला म्हाईत हाय, ताई. घाबरवू नका. शुक्रवारी कुठली वाचणार तेवढं सांगा. आईकावीशी वाटली तर बसते बसमधी.’’

मी सांगते म्हटलं. म्हणजे मला विचार करायला वेळ हवा होता, आणि वेळ तर त्यांच्याकडेच नाही. तिसरी पाळी उद्या आहे.

दुपारपासून खोकी टेबलावर उघडी आहेत. आजवरचं सगळं वाचलेलं मला इथे काही उपयोगाचं नाही. खूप चांगली घेतली तर? दादाला मी चांगल्याच दिल्या होत्या. हलकी, हसवणारी घेतली तर त्या ओळखतील की मी त्यांना फसवते आहे, जसा मी लिहिलेला शेवट ओळखला. त्यांनी चाळीस वर्षं गादीखाली जपलेलं सगळं त्यांचं वाचलेलंच. त्यातलं काढावं, की त्यांनी कधीच न पाहिलेलं? त्यांना ओढ हवी आहे की ओळखीचं काही? दादाच्या वेळी मला हे कळायला दोन महिने लागले होते आणि कळलं तेव्हा तो बारा दिवसांचा सोबती होता. कथेनं माणूस राहतो का, हेच मला माहीत नाही. बसमध्ये चढतो, एवढं माहीत आहे. तेवढंच हवं आहे, उद्यापुरतं.

दहा कथा मी बाजूला काढल्या. त्यांतल्या सहा परत ठेवल्या. मग त्या सहांतल्या दोन पुन्हा उचलल्या. एक वाचायला घेतली, वर्षानं पहिलीच, आणि दुसऱ्या पानावर विसरून गेले की मी कशासाठी वाचते आहे. खाली बसून शेवटपर्यंत वाचली. चहा गार झाला. डोळे पुसून ती बाजूला ठेवली आणि लगेच वाटलं, ही नको, ही सहन व्हायची नाही त्यांना. मग वाटलं, हीच.

आता पावणेसहा वाजलेत. इंदापूरहून बस सकाळी आठला सुटते. रेहानानं तिन्हीसांजेच्या आत फोन करायला सांगितलाय, नंतर अम्मी औषध घेऊन झोपतात. नंबर समोर लिहून ठेवला आहे. कथा अजून निवडलेली नाही.